शंभर मैल डोंगरातून, बारा तासांच्या आत

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? हॅण्डलला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीकडे निघालेला शेजारी, कॅरिअरवर गवताचा भारा बांधून तोल सावरीत येणारा गडी, दोन कोसांवरच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुली. आता घरोघर मोटारसायकली आल्या, तरी पडवीत एक सायकल टेकलेली असतेच. आपल्याकडे सायकल ही कामाची वस्तू. पायांचे कष्ट वाचावेत म्हणून ती घ्यायची.

अशा वेळी कोणी तुम्हांला सांगितले, की जगात असेही लोक आहेत जे पदरचे पैसे भरून, कामावरून रजा काढून, जिथे धड गाडीवाट नाही अशा डोंगरावर मुद्दाम सायकल चढवतात, तेही सकाळी साडेसहापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत, आणि एवढे करून हातात काय पडते, तर कमरेच्या पट्ट्याचे एक बक्कल. तर तुम्ही म्हणाल, पोट भरलेल्यांचे हे चोचले आहेत. तुमचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण या जातीच्या शर्यतींत जी फार नावाजलेली आहे, तिचा जन्म चोचल्यातून झालेला नाही. एका गावाची भाकरी गेली, त्यातून ती निघाली. म्हणून ती हकिकत तुमच्यापुढे मांडावीशी वाटते.

चांदीचे गाव

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. तिथल्या रॉकी पर्वतात लेडव्हिल हे गाव आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ५,४०० फूट. लेडव्हिलची नुसती बाजारपेठच दहा हजार फुटांच्या वर आहे. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर जवळजवळ दुसरी कळसूबाई ठेवावी आणि तिच्यावर गाव वसवावे, तसा प्रकार. अशा उंचीवर शेती ती काय होणार! गाव वसले ते जमिनीच्या वरच्या पिकावर नव्हे, पोटातल्या धनावर.

१८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिथे चांदी सापडली आणि पाहता पाहता हजारो माणसे येऊन धडकली. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला, तशी ती पांगलीही. पुढे गावापासून बारा-तेरा मैलांवर मॉलिब्डेनम नावाचा धातू काढणारी क्लायमॅक्स खाण नावारूपाला आली. हा धातू पोलादात मिसळला की पोलाद अधिक कणखर होते. जगाला लागणाऱ्या या धातूचा मोठा वाटा एकेकाळी या एका खाणीतून जात असे. बापानंतर मुलगा खाणीत, असे तिथे चालले होते.

मग पोलादाच्या धंद्याला मंदी आली, मागणी आटली, आणि १९८२ साली खाणीचे काम बंद झाले. तीन हजारांहून अधिक माणसांची नोकरी गेली. गाव ते केवढे, आणि त्यात तीन हजार! दर घरात कोणी ना कोणी बसून राहिला.

१९८२ हे साल आपल्या कित्येक घरांनाही विसरता येण्यासारखे नाही. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कोकणात, देशावर, घाटावर मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांत चूल कशी पेटवावी असा प्रश्न पडला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील. तेव्हा लेडव्हिलच्या माणसांवर काय गुदरले असेल, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

एका खाणकामगाराची युक्ती

त्या बेकार झालेल्यांत केन क्लोबर नावाचा एक खाणकामगार होता. गडी अंगापिंडाने दणकट. त्याला गाढवांच्या शर्यतीचा नाद होता. हसू नका, ही शर्यत त्या भागात खरोखरच होते, १९४९ पासून. खाणकामगार पूर्वी आपले सामान गाढवाच्या पाठीवर लादून डोंगरात हिंडत, त्याची आठवण म्हणून गाढवाच्या पाठीवर कुदळ, फावडे, तवा असे सामान बांधतात आणि दावे हातात धरून माणसाने त्याच्याबरोबर मैलोगणती पळायचे. गाढवावर बसायची मनाई. गाढव मध्येच अडून बसले तर त्याला राजी करायचे. बैलांची शर्यत पाहिलेल्या माणसाला यातली गंमत कळेल, कारण जनावराच्या मनात काय आहे, हे आयत्या वेळेपर्यंत कळत नसते.

तर या क्लोबरने आणि त्याच्या साथीदारांनी १९८३ साली गावात शंभर मैलांची पळण्याची शर्यत काढली. हिशेब अगदी व्यवहाराचा होता. पाच-दहा मैलांची शर्यत ठेवली तर माणूस सकाळी येईल, पळेल आणि दुपारी आपल्या घरी जाईल. शंभर मैल ठेवले की त्याला आदल्या रात्री गावात मुक्काम करणे भाग, आणि पळून झाल्यावर तर उठून जाण्याची सोयच नाही. म्हणजे दोन रात्री खोली घेणार, खानावळीत जेवणार, दुकानात चार वस्तू घेणार. बंद पडलेल्या गावात चार पैसे फिरू लागतील. गावच्या दवाखान्यातल्या कारभाऱ्याने त्याला बजावले, की एवढ्या उंचीवर माणसे पळवलीत तर एखादा दगावेल. त्यावर क्लोबर म्हणाला म्हणे, की मग निदान गावाचे नाव तरी होईल. खाणीत जन्म गेलेल्या माणसाचा विनोद असाच असायचा.

पहिल्या वर्षी ४५ जण पळाले, त्यांतले दहाच पोहोचले. पण शर्यत टिकली. मेरिली मॉपिन नावाच्या बाईंनी क्लोबरच्या बरोबरीने तिचा सगळा भार उचलला. पुढे १९९४ साली त्याच डोंगरातून शंभर मैलांची सायकल शर्यत सुरू झाली. त्या वर्षी दीडशेच्या आसपास स्वार होते. आज तिथे दरवर्षी ऑगस्टातल्या एका शनिवारी दीड हजारांच्या घरात सायकली उभ्या राहतात, आणि नाव नोंदवणाऱ्यांची गर्दी इतकी की बहुतेकांना चिठ्ठ्या टाकूनच प्रवेश मिळतो.

ही सायकल कोणती?

आपली पडवीतली सायकल तिथे चालणार नाही, हे उघड आहे. डोंगरी सायकलीचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. १९७० नंतर कॅलिफोर्नियात काही तरुण पोरांनी १९३०-४० च्या काळातल्या जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकली भंगारातून उचलल्या आणि त्या घेऊन ते डोंगरावरून खाली सुटू लागले. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. पायडल उलटे दाबले की लागायचा. १९७६ पासून ते एका उतारावर शर्यत लावू लागले. दोन मैलांत तेराशे फूट खाली! खाली पोहोचेपर्यंत ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर फेरीनंतर तुंबा खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागायचे. म्हणून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. रिपॅक म्हणजे पुन्हा भरणे. त्या पोरांपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली डोंगरासाठी खास नवी चौकट घडवली, आणि पुढच्या दहा वर्षांत हा एक जगभरचा धंदा झाला.

आजच्या डोंगरी सायकलीचे वजन दहा-बारा किलो, म्हणजे आपल्या काळ्या सायकलीच्या निम्म्याच्या आसपास. मागच्या चाकाला लहानमोठी बारा दातेरी चक्रे, त्यामुळे चढाला पायडल हलके करता येते. पुढच्या चिमट्यात दणका सोसणारी यंत्रणा. टायरात ट्यूब नसते. आत एक पातळ चिकासारखे द्रव्य ओतलेले असते, काटा घुसला की ते त्या भोकात जाऊन सुकते आणि पंक्चर आपोआप बुजते. बाभळीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला याचा हेवा वाटावा. किंमत मात्र विचारू नका. चांगली सायकल आपल्याकडच्या एक-दोन चांगल्या म्हशींच्या भावात बसते, आणि ज्यांना हौस भागत नाही त्यांची तर पाच-सात म्हशींत.

आता तुम्हीच स्वार व्हा

समजा, तुम्हांला चिठ्ठी लागली. तुम्ही काही नावाजलेले खेळाडू नाही. शाळामास्तर असाल, सुतार असाल, दवाखान्यातली परिचारिका असाल. तिथे येणारे बहुतेक असेच असतात. वर्षभर पहाटे उठून आणि दर रविवारी दिवस दिवस सायकल मारून तुम्ही तयारी केली आहे.

ऑगस्ट असूनही पहाटेची थंडी बोटे बधिर करते. साडेसहाला बंदुकीचा बार होतो आणि सगळा लोंढा गावाबाहेर उतारावर सुटतो. वारा अंगात शिरतो, डोळ्यांतून पाणी येते. तीन-चार मैलांवर पहिला चढ लागतो. तो काही फार अवघड नाही, पण पुढे शेकडो माणसे, वाट अरुंद. पुढच्या एकाने पाय टेकला की मागच्या वीस जणांना उतरावे लागते. इथे बरेच जण उतावळे होतात, कडेकडेने घुसतात आणि दम घालवून बसतात. जाणते लोक सांगतात, की पहिल्या दोन तासांत तुम्हांला आपण फारच सावकाश चाललो आहोत असे वाटले पाहिजे. ऐकायला सोपे. पण शेजारून माणसे सुटत असताना आपला पाय आवरणे, यासारखे कठीण काम नाही.

मग आणखी एक डोंगर, आणि त्याच्या पलीकडे विजेच्या मोठ्या तारांखालून जाणारा भयंकर उतार. पावसाच्या पाण्याने तिथे हातभर खोल चर पडलेले असतात. ब्रेक धरून धरून बोटांना पेटके येतात. इथे पडणारे दरवर्षी असतात. त्या उताराकडे नीट पाहून ठेवा, कारण संध्याकाळी परत येताना तोच चढायचा आहे.

चाळिसाव्या मैलावर जुळ्या तळ्यांचे धरण येते. इथे ठरल्या वेळेच्या आत पोहोचला नाहीत तर पंच तुम्हांला तिथेच थांबवतात. रडून, हात जोडून उपयोग नसतो. पोहोचलात, तर समोर उभा असतो कोलंबाइन खाणीचा चढ. सात-आठ मैलांत तीन हजार फूट! पहिले काही मैल झाडीतून, ठीक चालतात. मग झाडेच संपतात, कारण इतक्या उंचीवर ती उगवत नाहीत. उरतात ते दगड, आभाळ आणि वारा. वाट अशी सुटी आणि खडी, की चाक जागच्या जागी फिरते. इथे बहुतेक सगळे उतरतात आणि सायकल हाताने ढकलीत मुंग्यांच्या रांगेसारखे चालू लागतात. आणि त्याच वाटेने, तुमच्या अंगावरून, वर जाऊन आलेले पट्टीचे स्वार दगड उडवीत खाली येत असतात.

ही उंची सुमारे साडेबारा हजार फूट. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशही इथे मिळत नाही. शरीराला याची सवय होते, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, पण त्याला आठवडे लागतात. सखल मुलखातून आलेल्या माणसाला तेवढी रजा कोण देणार? मग डोके ठणकते, अन्नावरची वासना उडते, दहा पावले चालले की थांबून धापा टाकाव्या लागतात. माणसाचे मन इथे मोठे वकील होते. ते सांगते, इथवर आलास हेच पुष्कळ झाले. घरी लेकरे आहेत. गुडघा दुखतो आहे तो कायमचा गेला तर? प्रत्येक म्हणणे खरे वाटते. ज्यांनी ही शर्यत पुरी केली आहे ते सांगतात, की तेव्हा शंभर मैलांचा विचार करायचाच नाही. त्या समोरच्या पांढऱ्या धोंड्यापर्यंत जायचे. तिथे पोहोचले की पुढचा धोंडा पाहायचा. आपल्याकडे भर उन्हात खुरपणी करणारी बाई काही सगळ्या शेताकडे पाहत नाही, हातातली ओळ पाहते; तसेच हे.

माथ्यावर पन्नास मैल होतात. निम्मे. आभाळात दुपारचे ढग गोळा झाले तर गारा पडतात, आणि उघड्या माथ्यावर विजेचे भय असते. तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही.

पोट आणि पाणी

या शर्यतीत पायांइतकेच काम पोटाला असते, आणि मला विचाराल तर निम्मे लोक पायांनी नव्हे, पोटाने हरतात. आपण खातो त्या अन्नातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. पण हे कोठार लहान आहे. दीड-दोन तास जोराचे काम केले की ते रिते होत येते. चरबीचा साठा पुष्कळ असतो, बारीक माणसातही. पण ती ओल्या लाकडासारखी जळते, धग देत नाही. कोठार रिते झाले की माणूस एकाएकी बसतो. पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, साधी बेरीज जमत नाही. सुगीत न्याहारी न करता कापणीला लागलेल्या माणसाला अकराच्या सुमारास जे होते, त्याचीच ही थोरली बहीण.

म्हणून दर वीस-तीस मिनिटांनी काहीतरी खायचे, भूक असो वा नसो. ताशी साठ ते नव्वद ग्रॅम साखर-पिठूळ पदार्थ पोटात जावेत, असा आजचा हिशेब आहे. साखरेचा दाट पाक लहान पुड्यांतून मिळतो, तो फाडून चोखायचा. पण सात-आठ तासांनी त्या गोडाचा असा वीट येतो की पुडी पाहिली तरी मळमळते. तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळे किंवा गरम सूप अमृतासारखे लागते. पाण्याचेही तसेच. पाणी कमी पडले तर वाईट हे सगळे जाणतात, पण घामाने मीठ निघून गेलेले असताना तासन्तास नुसते पाणी ढोसले तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून पाण्यात मीठ-साखर असते. उन्हाळ्यात नांगरटीला जाताना आपली आजी ताकात मिठाचा खडा टाकून देत असे, तिला हे कोणी शिकवले होते कोण जाणे.

घरची माणसे

या शर्यतीची बातमी छापताना पहिला कोण आला, तेवढे छापतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायकोचे, नवऱ्याचे, आईबापांचे नाव कुठेच नसते. धरणाजवळ ठरलेल्या ठिकाणी शेकडो घरची माणसे तंबू ठोकून बसतात. पहाटे चारला उठून त्यांनी बाटल्या भरलेल्या असतात, बटाटे उकडलेले असतात, कोरडे मोजे घडी करून ठेवलेले असतात. तीन-चार तास वाट पाहायची. स्वार येतो, धुळीने ओळखू येत नाही. चाळीस सेकंदांत बाटली बदलायची, खिशात पुड्या कोंबायच्या, साखळीवर तेलाचे दोन थेंब सोडायचे, पाठीवर थाप मारायची. तो गेला. मग माथ्यावरून परत येईपर्यंत पुन्हा चार तास. आभाळ काळवंडले की त्यांच्या पोटात गोळा उठतो.

आणि हे एका दिवसाचे. त्याआधीचे वर्षभर आठवड्याचे आठ-दहा-बारा तास त्या माणसाने घरातून काढून नेलेले असतात. त्या वेळात पोरांचा अभ्यास कोणी घेतला, गळके छप्पर कोणी शाकारले? हौशी स्वाराने आपले बक्कल घरात टांगताना ते कोणाच्या नावाने टांगावे, याचा विचार करावा असे मला वाटते. अर्थात बायकाही या शर्यतीत उतरतात, आणि मग बाटल्या भरण्याची पाळी नवऱ्याची असते, हेही सांगितले पाहिजे. रिबेका रश नावाच्या बाईंनी २००९ ते २०१२ अशी ओळीने चार वर्षे बायकांमधली शर्यत जिंकली. या बाई गावच्या आगीच्या बंबावरही काम करीत. पुढे २०१५ साली त्या व्हिएतनाम-लाओसच्या जंगलातून बाराशे मैल सायकल मारीत गेल्या. त्यांचे वडील १९७२ च्या लढाईत जिथे विमानासह पडले, ती जागा पाहायला.

तारांखालचा चढ

परतीच्या वाटेवर ऐंशीच्या सुमारास मैल झालेले असतात आणि सकाळचा तो विजेच्या तारांखालचा उतार आता भिंतीसारखा समोर येतो. इथे ताज्या दमाचा माणूससुद्धा चढवताना घाबरा होईल. दहा तास होत आलेले, ऊन कलते आहे, पायांत पेटके. जवळजवळ प्रत्येक जण उतरून ढकलतो. वर पाहिले की माथा दिसतो. तिथे पोहोचले की कळते, तो माथा नव्हताच, मागे आणखी एक आहे. असे चार-पाच वेळा फसवले जाते. इथे कोणी बोलत नाही. फक्त बुटांखाली खडी करकरते आणि डोक्यावर तारा गुणगुणतात. एखादा कडेला बसलेला दिसतो, डोके गुडघ्यांत घातलेला. जाणारा येणारा त्याला पाणी विचारतो, चिमूटभर मीठ देतो. शर्यत आहे म्हणून कोणी तोंड फिरवून जात नाही, कारण मागून येणाऱ्यांचे एकमेकांशी भांडणच नसते. त्यांचे भांडण घड्याळाशी.

हा नियमच मला या शर्यतीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बारा तासांच्या आत जो येईल त्या प्रत्येकाला बक्कल. नऊ तासांच्या आत आला तर जरा मोठे बक्कल. बस्स. २०१५ साली ऑस्ट्रियाच्या आल्बान लाकाटाने ही वाट पहिल्यांदा सहा तासांच्या आत कापली. पण ज्याला अकरा तास एकोणसाठ मिनिटे लागली, त्याच्याही पट्ट्याला बक्कल लागते. बारा तास एक मिनिट झाले तर मात्र नाही. त्यामुळे पहिल्या स्वाराला गाव टाळ्या वाजवतेच, पण खरी गर्दी आणि खरा आरडाओरडा असतो तो शेवटच्या दहा मिनिटांत. गावाकडे येणारी शेवटची तीन मैल कच्ची वाट हलक्या चढाची आहे. एरवी लक्षातही येणार नाही, पण त्या वेळी ती संपता संपत नाही. मग डांबरी रस्ता, वळण, आणि समोर अंथरलेली तांबडी पायघडी. घड्याळ दिसत असते. लोक नाव घेऊन हाका मारतात. मेरिलीबाईंनी वर्षानुवर्षे त्या रेघेपाशी उभे राहून, चिखलाने माखलेल्या, घामेजलेल्या माणसांना पोटाशी धरले. कितीतरी रांगडे बाप्ये तिथे हुंदके देऊन रडले आहेत.

या शर्यतीला पैसेवाल्या आणि नामांकित खेळाडूंचेही पाय लागले. २००३ ते २००८ सलग सहा वर्षे कोलोरॅडोचाच डेव्ह वीन्स जिंकला. २००८ साली त्याने लान्स आर्मस्ट्राँगला मागे टाकले. २००९ साली आर्मस्ट्राँग जिंकला आणि वृत्तपत्रांत गावाचे नाव झाले. पुढे २०१२ साली उत्तेजक औषधे घेतल्याबद्दल आर्मस्ट्राँगची सगळी मोठी बिरुदे काढून घेण्यात आली. त्याविषयी अधिक लिहिण्यात जागा घालवीत नाही.

गावाचे पुढे काय झाले?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. शर्यतीने गाव तरले का? खरे सांगायचे तर एकट्या शर्यतीने नाही. तीन हजार नोकऱ्यांची भरपाई उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांच्या पाहुण्यांनी होत नसते. गावातली पुष्कळ माणसे अजूनही रोज घाट ओलांडून, बर्फावर खेळायला येणाऱ्या श्रीमंतांच्या गावी कामाला जातात. पण खानावळी, खोल्या, सायकलीची दुकाने चालू राहिली. गावच्या शाळेतून पास होऊन पुढे शिकू पाहणाऱ्या मुलांना शर्यतीच्या संस्थेकडून शिष्यवृत्ती मिळते. क्लोबर स्वतः राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. २०१० साली ही शर्यत एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हापासून शुल्क वाढले, गर्दी वाढली, आणि जुनी माणसे कुरकुरतात की पूर्वीचा घरगुतीपणा गेला. त्यांचे खोटे नसावे. आपल्या गावच्या जत्रेचेही असेच होताना आपण पाहतो. २०१२ साली क्लायमॅक्स खाण पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी माणसांवर.

आपल्याकडेही लांब पल्ल्याच्या सायकलीचे वेड आले आहे. हिमाचल प्रदेशात २००५ पासून हिमालयातली डोंगरी शर्यत सुरू झाली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत, ती डांबरी रस्त्यावरची, नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने बारा दिवसांच्या आत कापली.

आता तुमच्या पडवीतल्या सायकलीसाठी दोन गोष्टी, ज्या या डोंगरी स्वारांकडून फुकट घेता येतात. सीटची उंची बहुतेक घरांत चुकीची असते. थोरल्या भावाची सायकल धाकटीला दिली तरी सीट तिथेच राहते, आणि मुले गुडघे दुखतात म्हणून तक्रार करतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. साखळीला मोटारीचे जळके काळे तेल घालू नये, त्यात धूळ बसून साखळी आणि दाते दोन्ही झिजतात. आधी फडक्याने पुसावी, पातळ तेलाचे थेंब सांध्यांवर सोडावेत, चार वेळा पायडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. शाळा सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी हे करून ठेवावे.